गावचा मानाचा नारळ कंपनीच्या काचेच्या पेटीत पडून असल्याबाबत

प्रति,
मा. प्रांत अधिकारी साहेब,
पनवेल विभाग, पनवेल,
जि. रायगड (जुने कुलाबा).

अर्जदार : श्रीमती केशरबाई पोशा घरत, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती (जी राहिली आहे ती), राहणार मौजे धावरखार, नावड्याच्या खालच्या अंगाला, ता. पनवेल.

विषय : मौजे धावरखारचे मानकरी मे. त्रिमणी रंगरसायन लिमिटेड यांस येत्या भाद्रपद पौर्णिमेच्या उधाणाला गावच्या बांधावर जातीने हजर राहण्यास फर्मावण्याबाबत.

संदर्भ : सदर कंपनीने चैत्र पौर्णिमा, सन १९८१ रोजी देवीसमोर, सर्वांदेखत, स्वहस्ते उचललेला नारळ.

महोदय,

१. अर्जदार बाईस लिहिता-वाचता येत नाही. ती सांगत आहे आणि तिचा मुलगा कान्हा, मॅट्रिक पास, लिहीत आहे. मुलाचे म्हणणे असे की सरकारी कागद आहे, तर भाषा सरकारी ठेवावी, आणि होईल तिथे ती तशी ठेवली आहे. जिथे राहिली नसेल तिथे आईने लेकाचा हात धरला असे समजावे. उदाहरणार्थ, मुलाने प्रथम "अर्जदारास न्याय मिळावा" असे लिहिले होते. अर्जदार बाईने ते मुलाकडून वाचून घेतले आणि खोडायला लावले. न्याय सरकारच्या हातात आहे, तो सरकार देईल तेव्हा देईल. अर्जदारास सूड पाहिजे. कायद्यात बसत असेल तर कायद्याने, नाहीतर गावच्या रिवाजाने, पण पाहिजे. मुलाने पुन्हा एकदा विचारून खात्री केली आहे.

२. धावरखार गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. उधाणाच्या वेळी बांधावर उभे राहिले तर एका हाताला खाडीचे पाणी वर दिसते आणि दुसऱ्या हाताला भात खाली. मध्ये नुसता मातीचा बांध. गावच्या पणज्या-खापरपणज्यांनी हा बांध घालून खाडीच्या तोंडची जमीन काढून घेतली. खाडीने ते अजून मनातून काढलेले नाही, दर अमावस्या-पौर्णिमेला ती मागायला येतेच. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठेही फुटला, की खारे पाणी आत शिरते. मग त्या सालचे भात तर जातेच, पण पुढचे तीन पावसाळे त्या शेतात गवतसुद्धा धड उगवत नाही.

३. म्हणून गावाला बांधाचा एक मानकरी असतो. चैत्र पौर्णिमेला गावदेवीची जत्रा भरते. देवीच्या पायाशी ठेवलेला नारळ जो उचलतो तो मानकरी. पालखीचा पुढचा दांडा त्याचा, पहिला प्रसाद त्याचा, पंगतीत त्याच्याआधी कोणी पानाला हात लावत नाही. एवढे फोटोत येते. फोटोत जे येत नाही ते असे की, उधाणाला बांधावर पहिला पाय मानकऱ्याचा पडतो. खांड पडली तर ती बुजवायची माती मानकऱ्याच्या जमिनीतून काढतात, पाहिजे तेवढी, जवळ पडेल तिथून; हाक एकदा घालायची, परवानगी विचारायची नाही. आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या सगळ्यांना गरम पेज मानकऱ्याच्या घरून जाते. उचललेला नारळ त्याच दिवशी वाजतगाजत उघाडीवर न्यायचा असतो. उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडायचे फळ्यांचे दार. तिथे तो फोडला की मानाचे साल सुरू झाले, आणि पुढच्या चैत्रात देवीपुढे नवा नारळ ठेवायची वाट मोकळी झाली. नारळ ज्याच्याकडे न फुटता राहिला, मान त्याच्याकडेच राहतो. असे पूर्वी कधी झाल्याचे कोणाला आठवत नाही, कारण मानाचा नारळ न फोडता घरी नेणारा शहाणा गावात जन्माला आला नव्हता.

४. हा मान अर्जदाराच्या सासरी तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून होता. नारळ दुसऱ्या कोणीही उचलावा अशी मोकळीक होती. कोणी उचलत नसे, कारण सगळ्या गावाची पेज शिजवणे हे खायचे काम नाही. सन १९७६ च्या उधाणात अर्जदाराचा नवरा पोशा बाळ्या घरत खांडीत उभा राहिला. टाकलेली माती धारेबरोबर वाहून जात होती, म्हणून त्याने आपले अंग आडवे लावले आणि मागून बायकांनी चिखलाच्या ढेपा रचल्या. बांध राहिला. पोशाच्या छातीत जो गारठा शिरला तो मात्र निघाला नाही, त्याच पंधरवड्यात तो गेला. अर्जदार बाईने रडून घेतले आणि पुढच्या चैत्रात पदर खोचून नारळ तिनेच उचलला. बाईमाणसाने नारळ उचलला म्हणून चार जण कुजबुजले. तिच्या घरची पेज पिताना त्यांतला एकही कुजबुजला नाही.

५. आता कंपनीविषयी. गावची वरची जमीन, म्हणजे बांधावाचून पिकणारी, कारखान्यांसाठी घेतली गेली. अर्जदाराचीही गेली. त्या वेळी सांगितले गेले की हळहळू नका, घरटी एक नोकरी येईल, गावाचे सोने होईल. त्रिमणी कंपनी आली, चिमणी आली, चिमणीवर दिवा आला. नोकऱ्या वाशीहून बसगाड्यांत बसून सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात. गावाला त्यांचा धुरळा दिसतो. गावची पोरे आत जातात ती ठेकेदाराच्या हाताखाली, पिंपे लोटायला आणि मोऱ्या धुवायला, आणि दिवाळी आली की बोनस द्यावा लागू नये म्हणून त्यांना घरी बसवतात. कायम जागेच्या मुलाखतीला गेले तर विचारतात, अनुभव काय? पोरांना भरती-ओहोटी पाठ आहे, बांधाच्या कुठल्या भागात खेकड्याने बीळ केले ते चालता चालता पायाला कळते. असला अनुभव कोणाच्या कामाचा? कंपनीचे गोड पाणी गावच्या जमिनीखालून पाइपाने जाते आणि कंपनीच्या दारातल्या हिरवळीवर तुषार होऊन उडते. बाया डोक्यावर हंडे घेऊन त्या तुषारांच्या कुंपणाजवळून विहिरीवर जातात. जनरल मॅनेजर श्री. सुभाष धारप यांनी भाषणात सांगितले की कंपनीमुळे या भागाचे दरडोई उत्पन्न वाढले. वाढले असेल. अर्जदाराच्या डोईवर हंडा आहे तोच आहे. एकाच भागात एक कुंपण घातले, आतल्यांचे आणि बाहेरच्यांचे मिळून भागले, आणि सगळे श्रीमंत झाले म्हणून सांगितले, अशी ती वाढ आहे.

६. तेवढ्यावर भागले असते तरी गाव गप्प बसले असते, गावाला सवय आहे. पण कंपनीने नव्या गोडाउनसाठी खाडीच्या काठाला भराव टाकला. खाडीचे तोंड तिकडून आवळले. भरतीच्या पाण्याला पसरायची जागा उरली नाही, तेव्हा ते सगळे जोर करून धावरखारच्या बांधावर येते. बांध तोच, मातीही तीच, पाणी मात्र आता दुप्पट रागाने येते. हे सांगायला गावचे लोक कंपनीत गेले तेव्हा त्यांना लेखी द्या म्हणून सांगण्यात आले, आणि लेखी दिल्यावर विषय विचाराधीन आहे असे उत्तर आले.

७. सन १९८१ च्या जत्रेपूर्वी कंपनीने देवळावर स्लॅब टाकून दिला आणि लाउडस्पीकरचा संच दिला. त्यावर गावचे सरपंच भगवान भोईर यांचे डोके चालले. नारळ साहेबालाच उचलू द्यावा! एकदा मानकरी झाला की साहेब गावचा झाला. गावचा माणूस गावची पोरे दाराबाहेर कशी ठेवील? आपसूक आत घेईल, भरावही काढील. सगळ्यांना हे पटले. अर्जदार बाई एकटी म्हणाली की ज्याचे पाय चिखलाला लागत नाहीत त्याच्या हातात बांध देऊ नका. तेव्हा तिला सांगण्यात आले की तुझा मान जातो म्हणून तुझ्या पोटात दुखते. दुखत होतेच, ते ती नाकारत नाही. पण म्हणून ती खोटे बोलत नव्हती.

८. साहेबांना रिवाज समजावून सांगायचे काम सरपंचांनी आपल्याकडे घेतले. त्यांनी पालखी सांगितली, प्रसाद सांगितला, पंगत सांगितली. माती, पेज आणि पहिला पाय सांगितला नाही. पुढे विचारले तेव्हा म्हणाले, मानाबरोबर भार असतो हे काय वेगळे सांगायचे असते? शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरपंचांना फसवायचे नव्हते. मान कळतो त्याला भार कळतोच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. श्री. धारप यांनी पायरीशी बूट काढले, हसतमुखाने नारळ उचलला, फोटो झाले. ढोल-ताशे उघाडीकडे वळले आणि साहेब मोटारीकडे वळले. ढोलवाले बिचारे उघाडीवर जाऊन वाट बघत किती तरी वेळ वाजवत राहिले. नारळ मोटारीतून कंपनीत गेला. आज तो कंपनीच्या दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत, हिरव्या मखमलीवर ठेवलेला आहे आणि खाली पितळी पाटीवर इंग्रजीत लिहिले आहे की ही ग्रामस्थांनी प्रेमाने दिलेली भेट आहे. देवीचा नारळ शोभेला ठेवला! पुजाऱ्याने त्यानंतर देवीपुढे नवा नारळ ठेवलेला नाही, कारण आधीचा फुटलेला नाही. सबब मे. त्रिमणी रंगरसायन लिमिटेड हेच आजतागायत गावचे मानकरी आहेत. याबद्दल गावात दुमत नाही. गावात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल एकमत नसते, हे प्रांतसाहेबांनी ध्यानात घ्यावे.

९. गेल्या साली नारळी पौर्णिमेला भर दुपारच्या भरतीत वेणूबाई ठाकूर यांच्या शेतापाशी खांड पडली. वेणूबाई विधवा, तेवढे एकच शेत, लावणी नुकती झालेली. अर्जदार बाई धावत कंपनीच्या फाटकावर गेली, कारण मानकऱ्याला बोलावल्याशिवाय मातीला हात लावता येत नाही. साहेब बाहेर आले. त्यांच्यासोबत परदेशी पाहुणे होते. अर्जदार बाई अंगभर चिखलाने माखलेली होती. ती एवढेच बोलली : "बांद फुटला हाय. मानकरी तुमी. चला." साहेबांनी सोबतच्या माणसाला इंग्रजीत काही सांगितले. मग त्या माणसाने मराठीत सांगितले की कंपनीला सहानुभूती आहे, एक ट्रक विटांचे तुकडे उद्या पाठवतो. उद्या! भरती काय कंपनीच्या पाळीवर येते? साहेब पाहुण्यांना घेऊन आत गेले.

१०. मानकऱ्याला बोलावले होते, मानकरी आला नव्हता. आता रिवाजाप्रमाणे माती तेवढी घ्यायची राहिली. मानकऱ्याची सर्वांत जवळची जमीन म्हणजे कंपनीच्या दारातली हिरवळ. बाया विळे-कोयती-फावडी घेऊन आत शिरल्या आणि हिरवळ गवतासकट ढेपाढेपांनी कापली. एकीच्या हातून दुसरीच्या हातात अशी बांधापर्यंत रांग लागली. भर पावसाळ्यातही तुषार चालूच होते, त्यामुळे माती चांगली ओली होती. प्रांतसाहेबांच्या माहितीसाठी लिहावेसे वाटते की हिरवळ करताना ती काळी माती कंपनीने अर्जदाराच्याच गेलेल्या शेतातून खरवडून आणली होती. हातात घेतल्याबरोबर तिने ती ओळखली. शेत गेले तेव्हा रडली नव्हती, तेव्हा रडली. खांड बुजली. वेणूबाईंचे शेत मात्र तोवर खारट झाले होते, ते अजून खारटच आहे. त्या दिवशी पेज मानकऱ्याकडून आली नाही. अर्जदाराने आपल्या घरची शिजवली. तिचे हे देणे कंपनीकडे राहिले आहे, आणि ती ते पैशात घेणार नाही. बांधाच्या त्या तुकड्यावर आता विलायती हिरवळ उगवली आहे. गावच्या शेळ्या ती आवडीने खातात.

११. कंपनीने अर्जदार व इतर बायांविरुद्ध हिरवळ चोरल्याची फिर्याद दिली. जिने कधी कोणाच्या परड्यातली मिरची विचारल्याशिवाय तोडली नाही तिला चोर म्हटले. अर्जदार बाई त्या फिर्यादीची तारीख मागत आहे. ती मागे घेतली जावी अशी तिची इच्छा नाही. उलट ती उघड्या कोर्टात चालावी, पेटीतला नारळ तिथे हजर करण्यात यावा आणि तो उचलल्यावर काय काय उचलले जाते हे सगळ्या तालुक्याने ऐकावे, असे तिला वाटते. कारण कोर्टात साहेबालाही उभे राहावे लागते, असे तिने ऐकले आहे.

१२. यापुढचा मजकूर अर्जात नको असे मुलाचे म्हणणे आहे. अर्जदाराने तो लिहायला लावला आहे.

सहा वर्षे अर्ज करूनही कान्हाला कंपनीत कायम जागा मिळाली नव्हती. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांनी त्याला घरी माणूस पाठवून बोलावले आणि वॉचमन म्हणून नेमले. खाकी वर्दी, टोपी, बूट. अर्जदार बाईने गावभर साखर वाटली, देवीला खण चढवला, झाले गेले विसरून साहेबांना दुवा दिला. मुलाचे लग्न ठरले. मुलगी गोजरा, शेजारच्याच गावची, पोर गुणाची आहे, आणि तिच्या बापाने होकार दिला तो वर्दी बघूनच. तो कामावर रुजू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जदार विहिरीवर जाताना तिला लेकाची खुर्ची दिसली. कंपनीला एवढी फाटके, त्यांतून खुर्ची टाकली ती हिरवळीच्या फाटकात. म्हणजे पुढच्या उधाणाला बाया माती घ्यायला येतील तेव्हा त्यांना अडवायला तिचा मुलगा उभा असेल. आईला लेकाकडून हाकलायचे, आणि तेही पगार देऊन! साहेबांच्या डोक्याला अर्जदार बाई नमस्कार करते. सगळ्या गावात त्यांना नोकरी द्यायला एकच पोरगा सापडला आणि एकच जागा सापडली.

१३. गेल्या आठवड्यात अर्जदारास कंपनीच्या दर्शनी खोलीत बोलावून गादीच्या खुर्चीवर बसवले, चहा दिला. श्री. धारप गोड बोलले. टाईप केलेला कागद पुढे केला. हिरवळ कापली ही चूक झाली, मानाबिनाचा कंपनीशी संबंध नाही, पुन्हा असे होणार नाही, असा त्याचा मजकूर होता. अंगठा दिला तर फिर्याद मागे घेऊ, कान्हा कायम. नाही दिला तर तो अजून चाचणीवर आहे, बघू. कान्हा दारात टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहिले नाही, आईने त्याच्याकडे पाहिले. त्याला ही नोकरी किती पाहिजे आहे ते तिला ठाऊक आहे, सहा वर्षे तो ठेकेदाराची पिंपे लोटून आला की रात्रभर खोकत असे. अर्जदाराने चहा संपवला. तिच्या डोक्याच्या वरच भिंतीला ती काचेची पेटी होती. ती उठली आणि म्हणाली : "तुमचा नारल आतून सडला हाय, साहेब. पेटी उघडून बघा." आणि अंगठा न देता निघून आली.

१४. त्या दिवसापासून मायलेकांत बोलणे बंद होते. काल वेणूबाईंच्या शेतापाशी पुन्हा ओल झिरपू लागली आहे असे दिसले. विलायती गवताच्या मुळ्या उथळ, त्या माती धरत नाहीत. यंदा गावातले भात फुलोऱ्यात आहे आणि भाद्रपद पौर्णिमेचे उधाण सालातले सर्वांत मोठे असते. त्या पाण्याला हा बांध टिकणार नाही, आणि फुटला तर एकट्या वेणूबाईंचे नाही, अख्ख्या गावाचे ताट जाईल. मुलगा संध्याकाळी बांधावर जाऊन स्वतः पाहून आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, अर्ज सांग, लिहितो. म्हणून हा अर्ज.

१५. तरी मेहेरबान साहेबांस विनंती की —

(अ) मानकरी या नात्याने श्री. सुभाष धारप यांस भाद्रपद पौर्णिमेस दुपारच्या भरतीपूर्वी धावरखारच्या बांधावर हजर राहण्याचे फर्मान काढावे. पहिला पाय त्यांचा पडेल. बूट चालणार नाहीत, चिखलात राहतात. टोपली गाव देईल.

(ब) त्या दिवशीची पेज कंपनीच्या कॅन्टीनमधून यावी. गरम असावी. गेल्या सालची राहिलेली पेजही त्यातच धरून यावी. साहेबांनी ती बांधावर बसून, ओल्या कपड्यांनी, सगळ्यांच्या मागून प्यावी. त्यांना चढेल तो गारठा पाहायला अर्जदार समोर बसेल. तिच्या नवऱ्याला तो कसा चढत गेला हे तिने जवळून पाहिले आहे, तिला ओळखू येईल.

(क) हे पेलत नसेल तर त्यांनी नारळ पेटीतून काढून देवळात आणावा, उघाडीवर नेऊन फोडावा, आणि रिवाजाप्रमाणे तीनदा मोठ्याने म्हणावे की, हा भार मला पेलवत नाही. ते त्यांनीच दिलेल्या लाउडस्पीकरवर म्हणावे, म्हणजे वाशीच्या बसगाड्यांनाही ऐकू जाईल. फुटलेला नारळ सडका निघाला तर त्याचा दोष गावावर येऊ नये. नवा नारळ अर्जदार उचलेल. तिच्या घरची चूल अजून शाबूत आहे.

(ड) नुकसानभरपाई, विटांचे तुकडे, सहानुभूती यांपैकी काहीही देऊ नये. अर्जदारास काही मिळावे म्हणून हा अर्ज नाही. धारप साहेबांचे काही जावे म्हणून आहे.

१६. यांपैकी काहीच झाले नाही तर बाया पौर्णिमेला माती न्यायला येतील. मागच्या खेपेला अर्धी हिरवळ सोडली होती. या खेपेला फाटकापासून दर्शनी खोलीच्या पायरीपर्यंत कापली जाईल, मग फुलांचे वाफे, मग पायरीखालची भर. तेवढ्यानेही खांड भरली नाही तर गोडाउनचा भराव आहे, तोही मानकऱ्याचाच आहे. अर्जदार परवानगी मागत नाही. मानकऱ्याच्या मातीला परवानगी लागत नाही. फक्त सरकारला आधी कळवलेले बरे, म्हणून कळवीत आहे.

१७. फाटकावर लेक उभा असेल तर त्याने काय करावे हे अर्जदार त्याला सांगणार नाही. अडवले तर नोकरी राहील, लग्न होईल, आणि तिला त्याचा राग येणार नाही असे ती म्हणते. ती असे म्हणाली खरी, पण म्हणताना तिने तोंड फिरवले, असे लिहिणाऱ्याने पाहिले आहे.

जेवढे नम्र होता येते तेवढी नम्र, त्याहून अधिक नाही,

(डाव्या हाताचा अंगठा)
केशरबाई पोशा घरत
मौजे धावरखार, दिनांक ५ सप्टेंबर १९८३

सोबत : गेल्या सालच्या खांडीवर उगवलेल्या विलायती गवताचा एक झुबका, मुळासकट, कागदात बांधून. मुळ्या किती उथळ आहेत ते प्रांतसाहेबांनी समक्ष पाहावे.

प्रत माहितीसाठी : श्री. सुभाष धारप, जनरल मॅनेजर, मे. त्रिमणी रंगरसायन लिमिटेड. ही प्रत लिहिणारा स्वतः नेऊन देणार आहे.

लिहिणाऱ्याचे निवेदन : वरील सर्व मजकूर अर्जदाराने सांगितला तसा लिहिला व तिला वाचून दाखवला. पुढचे तिला वाचून दाखवलेले नाही. गोजराच्या वडिलांना लिहिणारा आज सकाळी जाऊन भेटला आणि वर्दी यापुढे राहणार नाही, तरी मुलगी द्यायची की नाही ते ठरवा, असे त्यांना सांगून आला. ते विचार करतो म्हणाले. भाद्रपद पौर्णिमेस दिवसपाळी लिहिणाऱ्याची आहे. हिरवळीच्या फाटकाला कुलूप असते आणि किल्ली पाळीवाल्याकडे असते. सबब बायांना फाटक फोडावे लागणार नाही.

कान्हा पोशा घरत
वॉचमन (तोपर्यंत)